फरदड, खापर आणि गावाची उष्णता

भाऊ, तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. चोपडा तालुक्यात तुमच्या गावात तुम्ही सात-आठ पोरं दोन वर्षांपासून फरदड बंद करा म्हणून सांगताय, म्हणजे डिसेंबर संपायच्या आत कपाशी उपटा, तीच कपाशी पाणी देऊन मार्च-एप्रिलपर्यंत ओढू नका, नाहीतर गुलाबी बोंडअळीला खायला-राहायला मिळत राहतं आणि पुढच्या हंगामात ती सगळ्या शिवाराला छळते. मेळावा झाला, बॅनर झाले, ग्रुपवर रोज व्हिडिओ झाले, आणि दीडेकशे कपाशीवाल्यांतून ऐकलं दहा-बारा जणांनी. आता तुमचा एक इंजिनिअर मित्र म्हणतो की विचार उष्णतेसारखा पसरतो, वहन, अभिसरण, प्रारण, तसं प्लॅनिंग करा. तुम्ही विचारताय की याचा खरंच उपयोग आहे का नुसत्या बोलायच्या गोष्टी.

उपयोग आहे. मी कृषी खात्यात 31 वर्षं काढली, आधी कृषी सहाय्यक, मग पर्यवेक्षक, सगळी नोकरी खान्देशातच, आणि आमचे वडील भुसावळला कोळशाच्या इंजिनवर फायरमन होते, त्यामुळे उष्णता इकडून तिकडे कशी जाते ते मी पुस्तकाच्या आधी घरात ऐकलंय. पण ती तीन नावं नववीच्या पोराला पण पाठ असतात. तुम्हाला कामाचं जे आहे ते त्याच्या पुढचं आहे, उष्णता अडते कुठे हे.

वडील सांगायचे की भट्टीत कोळसा कितीही टाक, बॉयलरच्या नळ्यांवर खार बसला असेल तर वाफ होत नाही. पाण्यातला चुना नळीवर थरावर थर बसतो, दिसायला जेमतेम नखाएवढा, पण लोखंडाच्या मानाने तो उष्णता फार कमी सोडतो. मग भट्टी लाल, नळी तापून खराब व्हायच्या बेताला आणि पलीकडचं पाणी मात्र पाहिजे तसं उकळत नाही. नवा फायरमन अशा वेळी अजून कोळसा ओढतो, जुना माणूस म्हणतो आधी नळ्या धुवा. तुमचं दोन वर्षांचं काम वाचून मला हेच आठवलं, तुम्ही कोळसा ओढताय भाऊ. रोज एक व्हिडिओ म्हणजे अजून एक फावडं.

फोरिए नावाच्या फ्रेंच माणसाने 1822 मध्ये वहनाचं, म्हणजे टेकलेल्या वस्तूतून उष्णता पुढे सरकण्याचं, गणित मांडलं, त्याचा साधा अर्थ असा की उष्णता किती जाईल ते चार गोष्टींवर ठरतं, दोन बाजूंच्या तापमानातला फरक, मधल्या भिंतीची जाडी, टेकलेलं क्षेत्रफळ आणि ती वस्तू कशाची आहे. आपण सगळे पहिल्याच गोष्टीवर जोर देतो, म्हणजे आपण अजून तापायचं, अजून मोठ्याने बोलायचं. बाकीच्या तिघांकडे कोणी बघत नाही. आणि एक पाचवी गोष्ट आहे, ती शाळेत कोणी सांगत नाही. दोन धातूचे पत्रे एकमेकांवर घट्ट दाबले तरी ते सगळीकडे टेकत नाहीत, बारीक उंचवट्यांवर टेकतात, मधे हवा अडकून राहते आणि कोंडलेली हवा उष्णता जवळजवळ सोडतच नाही, आपली गोधडी त्याच्यावरच तर चालते. लांबून बघणाऱ्याला वाटतं दोन्ही चिकटलेत, आत सगळा अडथळा त्या सांध्यातच असतो.

गावात हा सांधा म्हणजे काय ते माझ्याच अनुभवातून सांगतो. नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी एका कंपनीचं औषध मी माझ्या सजातल्या, म्हणजे माझ्याकडे सोपवलेल्या, तीन गावांत आग्रह करकरून वापरायला लावलं, स्वतः पंपाशेजारी उभं राहून फवारायला लावलं, आणि ते चाललं नाही. लोकांचे पैसे गेले. कोणी भांडलं नाही, चहा पण तसाच मिळायचा, ओट्यावर बसायला पण तसंच बोलवायचे. पण त्यानंतर दोन हंगाम मी जे बोललो त्यातलं काही कोणाच्या वावरात उतरलं नाही. ती अडकलेली हवा होती. ती निघाली कधी, तर मी घरोघरी जाऊन माझं चुकलं म्हणून सांगितलं आणि पुढच्या वर्षी काही न सांगता नुसतं त्यांच्याबरोबर वावरात फिरलो तेव्हा. म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न हा आहे की तुमच्या गावात ही हवा कशाची आहे? तुमच्यातल्या दोन पोरांच्या घरची फरदड मागच्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत उभी होती असं तुम्हीच शेवटी एका ओळीत लिहिलंय. भाऊ, ती ओळ पहिली पाहिजे होती.

आता टेकणं म्हणजे काय ते बघा. गुलाबी अळीची अडचण अशी की ती बाहेरून दिसत नाही. फुलात असताना डोमकळी, म्हणजे न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल, दिसते, पण एकदा का बारीक अळी बोंडात शिरली की ते छिद्र बुजून जातं आणि बोंड वरून हिरवंगार, ठणठणीत दिसतं. त्यामुळे माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच वाटतं की आपल्याकडे नाही. अमळनेरकडच्या एका गावात एक आबा होते, साठीच्या पुढचे, मेळाव्यात पहिल्या रांगेत बसायचे, मान हलवायचे आणि घरी जाऊन फरदडीला पाणी सोडायचे. मी त्यांच्या बांधावर गेलो तर म्हणाले, "भाऊ, मना वावरमा अळी नही." मी काही बोललो नाही. त्यांनाच म्हटलं आबा, तुमच्या हाताने, तुम्हाला आवडतील ती 20 बोंडं तोडा, एकाच ओळीतली नको, फिरून फिरून. आम्ही बांधावर बसलो आणि त्यांनीच अंगठ्याच्या नखाने एकेक बोंड फोडायला घेतलं. पहिली चार चांगली निघाली. पाचव्यात सरकी पोखरलेली आणि आत गुलाबी अळी वळवळत होती. मग ते माझ्याकडे बघेनात, नुसते फोडत गेले. 20 मध्ये 7 निघाली. आपण 10 टक्क्यांना, म्हणजे 20 मध्ये 2 ला, धोक्याची पातळी म्हणतो. त्यांनी ती सात बोंडं धोतराच्या सोग्यात बांधली आणि घरी घेऊन गेले, सुनेला दाखवायला, पोराला दाखवायला. माझं तीन वर्षांचं भाषण एका बाजूला आणि तो सोगा एका बाजूला.

असं एकेकाच्या वावरात जायचं म्हणजे वेळ जातो, दीडशे जणांकडे तुम्ही जाऊ शकत नाही, बरोबर आहे. म्हणून वाहक कोण निवडायचा हे बघावं लागतं. तांबं हे स्टीलपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं, तरी दिसायला स्टील जास्त चकचकीत. आपल्याकडे खात्याची पण आणि कंपन्यांची पण हीच चूक होते की प्रगतिशील शेतकरी धरायचा, पुरस्कारवाला, 40 एकरवाला, चार बोअरवेलवाला. तो पटकन ऐकतो, फोटो पण चांगले येतात, पण त्याच्यापासून पुढे काही जात नाही, कारण लोक म्हणतात त्याचं काय, त्याला जमतं. तुम्हाला पाहिजे पाच-सहा एकरवाला, ज्याच्यावर सोसायटीचं थोडं कर्ज आहे, जो फवारणीचा पंप शेजाऱ्याकडून मागून आणतो आणि ज्याच्या ओट्यावर संध्याकाळी चार जण विचारल्याशिवाय येऊन बसतात. अमेरिकेत आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघांनी संकरित मक्यावर अभ्यास केला होता, 1943 मध्ये छापून आला, 259 शेतकऱ्यांना विचारलं की हे बियाणं तुम्हाला कळलं कुठून आणि पटलं कोणामुळे. कळलं सगळ्यात जास्त जणांना बियाणं विकणाऱ्यांकडून, पण पटवायला सगळ्यात जास्त उपयोगी पडले शेजारी. इतक्या लांबचा मका आणि आपली कपाशी, पण मी हे वाचलं तेव्हा मला आपल्याच गावचे ओटे दिसले.

अभिसरणाबद्दल तुमच्या मित्राने काय सांगितलं माहीत नाही, पण मला विचाराल तर तुमच्या गावात सगळ्यात मोठी न वापरलेली ताकद इथे आहे. अभिसरणात उष्णता हातोहात जात नाही, तापलेलं पाणी स्वतःच उठून जातं आणि बरोबर उष्णता नेतं. मग गावात एका वावरातून दुसऱ्या वावरात रोज कोण जातं? शेतकरी नाही जात, तो आपल्याच वावरात असतो. कापूस वेचणाऱ्या बाया जातात. सोमवारी याच्याकडे, मंगळवारी त्याच्याकडे, आणि प्रत्येक झाड त्यांच्या हाताखालून जातं. कोणाच्या कपाशीत किती कीड आहे हे त्यांच्याइतकं मालकाला पण माहीत नसतं. त्यात त्यांचं स्वतःचं नुकसान असतं, कारण वेचणी किलोवर असते आणि अळीने खाल्लेलं बोंड नीट फुटत नाही, कवडी होते, ती बोटांनी उकरून काढावी लागते, बोटं सोलतात आणि दिवसभरात किलो भरत नाहीत. शिरपूरकडे एका गावात मी या बायांची बैठक घेतली होती, संध्याकाळी, भजनाच्या आधी, अर्धा तास. मी सांगायला गेलो होतो आणि अर्धा तास ऐकूनच आलो. एका मावशीने बोटांवर मोजून 11 वावरं सांगितली, कोणती सगळ्यात जास्त किडकी, आणि ती सगळी मागच्या वर्षीच्या फरदडीला लागून होती. आमच्या खात्याकडे असा नकाशा नव्हता. त्या हंगामात वेचणीला गेल्यावर या बाया मालकिणीला सांगायच्या, मालकीण रात्री मालकाला सांगायची. ट्रॅक्टरवाला, रोटाव्हेटरवाला, काट्यावरचा व्यापारी, हे पण असेच फिरणारे, पण बायांची सर कोणाला नाही.

एक प्रयोग शाळेत बघितला असेल. परीक्षानळीत तळाला बर्फ अडकवायचा आणि पाणी वरून तापवायचं. वरचं पाणी उकळायला लागतं आणि तळाचा बर्फ तसाच राहतो, कारण गरम पाणी हलकं असतं, ते खाली उतरत नाही. तालुक्याच्या ठिकाणी मेळावा, सरपंच-चेअरमनचा सत्कार, वरच्या वर सगळं खळाखळा उकळतंय आणि शिवारात बर्फ. मी स्वतः असे कितीतरी मेळावे घेतलेत म्हणून सांगतो, अभिसरण पाहिजे तर जाळ खालून लावा.

प्रारण म्हणजे सूर्याचं काम, मधे कशाची गरज नाही, लांबूनच. तुमचे व्हिडिओ, रेडिओवरचा कार्यक्रम, मोठ्या माणसाचं भाषण हे सगळं त्यात आलं. ते वाईट नाही, पण ज्याच्यावर पडतं त्याचा पृष्ठभाग कसा आहे त्यावर सगळं असतं. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळला काय ऊन असतं ते सांगायला नको, त्यात गच्चीला चुना मारलेलं घर आणि काळ्या पत्र्याचं घर यात खाली बसलेल्याला फरक लगेच कळतो, ऊन तेच आहे. तुमच्या ग्रुपवरचे निम्मे लोक चुना मारून बसलेत कारण रोज गुड मॉर्निंगपासून औषधाच्या जाहिरातीपर्यंत सगळं तिथेच पडतं. आणि स्टीफानने 1879 मध्ये सांगितलेला नियम असा की प्रारण हे तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं, निरपेक्ष तापमान, म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेलं, दुप्पट झालं तर प्रारण 16 पट. म्हणजे लांबून परिणाम करायला माणूस तसा तापलेला लागतो. असे फार थोडे असतात. आपल्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा होते, फेब्रुवारी ते जून, दर रविवारी गीतेवर बोलायचे, 18 प्रवचनं झाली. पण तुरुंगाला भिंती होत्या. ती प्रवचनं आज आपल्याला मिळतात कारण साने गुरुजी त्याच तुरुंगात जवळ बसून लिहून घेत होते. मला हे कायम वाटतं की विनोबांइतकं तापणं आपल्याला जमणार नाही, पण जवळ बसून लिहून घेणं, एकाचं दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचवणं, हे तुमच्या सात-आठ पोरांना नक्की जमेल. बारीपाडा गावाचं पण बघा, साक्री तालुक्यातलं, तिथे जंगल राखायच्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, पण तिथलं जंगल त्याच्या कितीतरी वर्षं आधी उभं राहिलं, गावाने स्वतः नियम करून, तोडणाऱ्याला दंड लावून, आणि आजूबाजूच्या पाड्यांनी ते स्वतःच्या डोळ्याने बघितलं.

तुम्ही अजून एक विचारलंय, दोन वर्षं झाली काहीच हललं नाही, सोडून द्यायचं का? यावर सुप्त उष्णता समजून घ्या. 0 अंशाचा बर्फ तापवत राहिलं तरी थर्मामीटर 0 वरच थांबतो, सगळा बर्फ वितळेपर्यंत. 1760 च्या दशकात जोसेफ ब्लॅकने हे मोजून दाखवलं, एक ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी करायला 80 कॅलरी लागतात, तेवढ्यात तेच पाणी 0 वरून 80 अंशापर्यंत गेलं असतं. बाहेरून शून्य बदल आणि आत सगळी मांडणी बदलतेय. गावात हे होतं, मी बघितलंय. पण एक सांगतो, या नावाखाली आम्ही खात्यातल्या लोकांनी पुष्कळ आळस पण लपवलाय, काम होत नाही आणि म्हणायचं आत चाललंय हळूहळू. उष्णता आत जातेय का बाहेर गळतेय हे ओळखायची माझी एकच खूण आहे, लोकांचे प्रश्न बदलतात. आधी विचारतात "कशाला उपटायची?" मग विचारतात "उपटून काय पेरू?" मग "श्रेडरवाला (काड्यांचा भुगा करायच्या मशीनवाला) एकराला किती घेतो?" हा तिसरा प्रश्न चार जणांनी विचारला की समजायचं वितळत आलंय. दोन वर्षं पहिलाच प्रश्न येत असेल तर मात्र तुमची उष्णता कुठेतरी गळतेय.

आणि घाई करू नका. आमच्याकडे खापरावरचे मांडे करतात ना, माझी आई करायची, खापर चुलीवर पालथं घातलं की आधी कितीतरी वेळ मंद जाळ, ती हात वर धरून अंदाज घ्यायची, मग हळूहळू जाळ वाढवायची. एकदा लग्नाची घाई होती म्हणून कोणीतरी एकदम काटक्या सारल्या आणि खापर तडकलं. मातीतून उष्णता हळू जाते, एक बाजू फुगली आणि दुसरी तशीच राहिली की तडा जाणारच. गावाला एकदम ठराव, एकदम दंड, पाणी बंद करू अशी धमकी, असं केलं की दोन पार्ट्या पडतात आणि मग फरदड ही शेतीची गोष्ट राहत नाही, इज्जतीची होते. बारीपाड्याचा दंड चालला कारण तो आधी सगळ्यांनी मिळून ठरवला होता.

आता हे रूपक कुठे लंगडतं ते पण सांगतो, नाहीतर इंजिनिअर मित्राला सगळंच खरं वाटेल. उष्णता देणारा थंड होतो, माणसाचं तसं होत नाही, आबांनी ती बोंडं घरी दाखवली तेव्हा त्यांची स्वतःची खात्री वाढली. उष्णता गरमकडून थंडकडेच जाते, पण माणसांत उलट पण जातं. प्रेव्होने 1791 मध्येच म्हटलं होतं की थंड वस्तू पण सतत काहीतरी सोडत असते, फक्त हिशोबात गरम बाजूचं जास्त भरतं. लोक फरदड का घेतात हे मला लोकांनीच शिकवलं, विहिरीला पाणी आहे, भाव वाढायची आशा आहे, नव्या पेरणीला हातात पैसा नाही आणि उभ्या झाडाला अजून दोन-तीन क्विंटल दिसतात. हे खोटं नाही. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे माणूस पेट घेतो. भरिताची वांगी भाजायला आपण कपाशीच्या काड्या लावतो, त्याला काडी आपण लावतो, पण नंतर त्या स्वतःच्या जिवावर जळतात. शेतकऱ्याच्या बाबतीत ते जळण म्हणजे त्याचा स्वतःचा फायदा. काड्या ओल्या असतील, म्हणजे उपटून पुढे काय याचं उत्तर नसेल, तर तुम्ही पेटीभर काड्या ओढा, नुसता धूर होईल.

तुमच्या जागी मी असतो तर या हंगामात एवढंच केलं असतं. तुमच्या त्या दोन पोरांच्या घरची कपाशी गावात सगळ्यात आधी उपटली गेली पाहिजे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, लोकांना दिसेल अशा रस्त्याकडेच्या वावरातली. ग्रुपवरचे व्हिडिओ आठवड्याला एक करा, आणि तो पण तुमच्याच शिवारातल्या फोडलेल्या बोंडाचा. ऑक्टोबरपासून कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे, एकरी दोन, आणि पतंग कोणी मोजायचे तर ज्याचं वावर त्याने, तीन रात्री लागोपाठ सापळ्यात आठ-आठ आले की त्याला कोणी काही सांगायला नको. वेचणाऱ्या बायांना एकदा चहाला बोलवा आणि तुम्ही वही घेऊन बसा. पाच-सहा एकरवाले चार जण शोधा, त्यांच्याबरोबर उशिराचा गहू, मका, उन्हाळी भुईमूग यातलं कोणाला काय जमतं, कोणाकडे किती पाणी, बियाण्याला पैसा कुठून, हे कागदावर मांडा. आणि श्रेडरवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा, पाच-सहा जण मिळून एकाच दिवशी बोलावलं तर तो दर कमी करतो, आणि डिसेंबरात त्याला फोन लावाल तर तो मोकळा नसतो.